नवे मूत्रपिंड घरी आल्यानंतर

मूत्रपिंड प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया सुरळीत पार पडली, तर रुग्ण साधारणपणे दीड-दोन आठवड्यांत घरी येतो. नवे मूत्रपिंड पोटाच्या खालच्या भागात एका बाजूला बसवलेले असते आणि जुनी दोन्ही मूत्रपिंडे बहुतेक वेळा जागच्या जागी तशीच ठेवलेली असतात. शस्त्रक्रियेत नव्या मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या आणि मूत्रनलिका रुग्णाच्या शरीराशी जोडतात, मज्जातंतू मात्र जोडले जात नाहीत. या एका गोष्टीची जाणीव घरातल्या सर्वांनी ठेवायला हवी, कारण तिचा अर्थ असा की नव्या मूत्रपिंडाला इजा होऊ लागली तरी ते सहसा दुखत नाही. शरीराने परके मूत्रपिंड नाकारण्याची प्रक्रिया, जिला सगळेच रिजेक्शन म्हणतात, ती सुरू झालेली असतानाही रुग्ण जेवत असतो, हिंडत असतो, लघवीही होत असते. फक्त रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने लघवीवाटे बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ, वाढू लागलेले असते. दुखेल तेव्हा दाखवू, हा आपल्याकडचा सर्वसाधारण हिशेब इथे उपयोगी पडत नाही.

म्हणून घरच्या काळजीचा बराचसा भाग विश्रांतीचा नसून नोंदींचा आणि घड्याळाचा आहे. पुढे लिहिलेले मूत्रपिंड प्रत्यारोपणाला धरून आहे. त्यातले काही जर तुमच्या डिस्चार्ज कार्डावरील सूचनेपेक्षा वेगळे असेल, तर कार्डावरची सूचनाच पाळावी, कारण ती त्या रुग्णाचे रिपोर्ट पाहून लिहिलेली असते.

घर आणि खोली

सोलापूर, नांदेड किंवा सिंधुदुर्गातून मुंबई-पुण्याला येऊन प्रत्यारोपण करून घेणाऱ्यांना पहिले दोन-तीन महिने रुग्णालयाजवळच राहायला सांगतात, आणि खर्चाचा कितीही विचार मनात आला तरी ही सूचना टाळू नये. पहिल्या महिन्यात आठवड्यातून दोनदा तरी रक्त तपासावे लागते, आणि रात्री अकराला ताप चढला तर तासाभरात रुग्णालय गाठता यावे लागते. भाड्याची खोली पाहताना तळमजला किंवा लिफ्ट असलेली इमारत पाहावी. कमोड असलाच पाहिजे, कारण ताज्या जखमेने उकिडवे बसणे पहिले काही आठवडे त्रासाचे होते. शेजारी बांधकाम किंवा पाडकाम चालू असेल तर ती खोली घेऊ नये, कारण तिथल्या धुळीबरोबर उडणारी बुरशी फुफ्फुसांत गेली तर अशा रुग्णाला गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो.

स्वतःच्या घरात रुग्णासाठी स्वतंत्र खोली मिळाली तर उत्तम; नसेल तर हवेशीर कोपरा आणि स्वतंत्र अंथरूण-पांघरूण, टॉवेल, ताट-वाटी इतके तरी असावे. झाडूने धूळ उडवण्यापेक्षा लादी ओल्या फडक्याने पुसून घ्यावी आणि त्या वेळी रुग्णाने दुसरीकडे बसावे. खोलीतल्या कुंड्या बाहेर न्याव्यात. गॅलरीत कबुतरे येत असतील तर रुग्ण घरी येण्यापूर्वीच जाळी बसवून घ्यावी आणि वाळलेली विष्ठा पाणी मारून, ओली करूनच, दुसऱ्या कोणीतरी काढावी. पावसाळ्यात भिंतीला ओल येऊन काळी बुरशी धरते, तो कोपरा रुग्णाच्या वाट्याला येऊ देऊ नये. याहून अधिक म्हणजे घराचे ऑपरेशन थिएटर करण्याची गरज नाही. रोज भिंतींवर जंतुनाशक फवारणाऱ्या घरात हात धुवायला मात्र कोणी जात नाही, असा प्रकार पाहायला मिळतो, आणि संसर्ग बहुतेक वेळा हातांनीच पोहोचतो.

भेटायला येणाऱ्यांचा प्रश्न नाजूक असतो. आजाऱ्याला भेटून येणे ही आपल्याकडे कर्तव्याची गोष्ट मानतात आणि नको म्हटले तर माणसे दुखावतात. घरातल्या एकाने, शक्यतो रुग्णाने नव्हे, वाईटपणा घ्यावा आणि पहिले तीन महिने फोनवरच चौकशी करा असे सर्वांना आधीच कळवावे. जे येतील त्यांनी हात धुवावेत, मास्क लावावा. सर्दी-खोकला, ताप, कांजिण्या किंवा नागीण असलेल्या माणसाने उंबरठाही ओलांडू नये. घरात तान्हे मूल असेल तर त्याला पोलिओचे डोस तोंडाने देण्यापूर्वी प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना विचारावे, कारण त्या लसीतले विषाणू जिवंत असतात आणि बाळाच्या शीतून काही आठवडे बाहेर पडत राहतात. बाळाचे लंगोट बदलण्याचे काम तर रुग्णाने करूच नये.

औषधे

बहुतेक रुग्णांना तीन मुख्य औषधे असतात: टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन (पुढे ज्याला स्टिरॉइड म्हटले आहे ते हेच). ही तिन्ही औषधे शरीराची प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात, म्हणून मूत्रपिंड टिकते आणि म्हणूनच संसर्गाची भीतीही वाढते. यांतले टॅक्रोलिमस सर्वांत लहरी आहे. रक्तातले त्याचे प्रमाण थोडे कमी झाले तर रिजेक्शनचा धोका असतो आणि जास्त झाले तर तेच औषध मूत्रपिंडाला इजा करते. शिवाय हात थरथरणे, डोके दुखणे, रक्तातली साखर, रक्तदाब आणि पोटॅशियम वाढणे हेही त्याचेच परिणाम. त्यामुळे ते दर बारा तासांनी, त्याच वेळेला आणि जेवणाशी रोज सारखेच अंतर ठेवून घ्यायचे असते. साधारणपणे जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तास असे सांगतात.

वेळ कोणती धरावी, याचा विचार डिस्चार्जच्या आधीच करावा. टॅक्रोलिमसची पातळी, म्हणजे लोकांच्या बोलण्यातली टॅक्रो लेव्हल, तपासण्यासाठी रक्त सकाळच्या गोळीच्या आधी, रात्रीच्या गोळीला बारा तास झाल्यावर घ्यावे लागते. ज्याने सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा अशी वेळ धरली, त्याला आठ वाजता उघडणाऱ्या प्रयोगशाळेत दर वेळी उशीर होणार. सकाळी नऊ आणि रात्री नऊ ही वेळ बहुतेकांना सोयीची पडते. तपासणीच्या दिवशी सकाळची गोळी न घेता ती डबीत घालून बरोबर न्यावी आणि रक्त देऊन झाल्यावर लगेच घ्यावी. सवयीने गोळी आधीच घेऊन गेलेल्या रुग्णाची पातळी खोटी जास्त येते. तसे झालेच तर ते न लपवता सांगावे, नाहीतर त्या आकड्यावरून डोस कमी केला जाईल.

पातळी पाहून डोस बदलणे पहिल्या काही महिन्यांत सारखे चालू असते, आणि हा बदल बहुतेक वेळा फोनवरून किंवा व्हॉट्सअॅपवर कळतो. अर्ध्या मिलिग्रॅमच्या आणि एक मिलिग्रॅमच्या कॅप्सूल दिसायला जवळपास सारख्या असू शकतात. म्हणून नवा डोस कळला की तो तारखेसह भिंतीवरच्या तक्त्यावर लिहावा, जुना खोडावा आणि फोनवर तो एकदा वाचून दाखवून खात्री करून घ्यावी. गोळ्यांच्या सात दिवसांच्या डब्यात एकाने गोळ्या भराव्यात आणि दुसऱ्याने तपासाव्यात. मोबाइलवर गजर लावावा, आणि तो दोघांच्या मोबाइलवर लावावा.

गोळी विसरली तर काय करायचे, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. सर्वसाधारण पद्धत अशी की, थोडाच उशीर झाला असेल तर आठवण होताच गोळी घ्यायची आणि पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर फोन करून विचारायचे; पण राहिलेली गोळी भरून काढायची म्हणून दोन डोस एकत्र कधीही घ्यायचे नाहीत. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तरी फोन करावा. जुलाबाच्या बाबतीत मात्र लोकांची समजूत उलटी असते. जुलाबात औषध वाहून जाते, म्हणून पातळी कमी होईल असे वाटते. प्रत्यक्षात जुलाबात टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी अनेकदा वाढते. त्यातच शरीरातले पाणी कमी झालेले असते. त्यामुळे दोन-तीन पातळ जुलाब झाले की स्वतःच्या मनाने डोस वाढवणे किंवा सोडणे दोन्ही चूक; त्याच दिवशी कळवावे आणि रक्त तपासावे.

दुकानदाराने कंपनी बदलून दिली तर ती घेऊ नये. निरनिराळ्या कंपन्यांच्या टॅक्रोलिमसमध्ये थोडा फरक असू शकतो, म्हणून कंपनी बदलायची झाली तर डॉक्टरांना सांगून आणि पातळी पुन्हा तपासूनच बदलावी. दिवसातून एकदा आणि दोनदा घ्यायचे असे या औषधाचे वेगवेगळे प्रकारही मिळतात आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. औषध संपण्याची वाट न पाहता किमान दहा-पंधरा दिवसांचा साठा शिल्लक असतानाच पुढचे मागवावे. तालुक्याच्या गावी ही औषधे प्रत्येक दुकानात नसतात. खर्च दरमहा आणि कायमचा आहे. शासकीय योजनेतून किंवा विश्वस्त संस्थांकडून काही मदत मिळू शकते का, याची चौकशी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राकडे डिस्चार्जच्या आधीच करावी. पैशांअभावी गोळी एक दिवसाआड घेणाऱ्या रुग्णाने ते डॉक्टरांना सांगायला संकोच करू नये, कारण स्वस्तातला पर्याय त्यांना माहीत असू शकतो. गुपचूप कमी केलेला डोस मात्र सर्वांत महाग पडतो.

इतर औषधांविषयी एकच नियम आहे: प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतेही नवे औषध सुरू करायचे नाही, मग ते फॅमिली डॉक्टरांनी दिलेले असो वा शेजारच्या काकूंनी. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नायमेसुलाइड ही अंगदुखीची औषधे मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. फ्लुकोनॅझोलसारखी बुरशीवरची औषधे, क्लॅरिथ्रोमायसिन आणि रक्तदाबावरचे डिल्टियाझेम यांमुळे टॅक्रोलिमसची पातळी वाढते. क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन आणि फिट्सवरची फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन ही औषधे ती झपाट्याने खाली आणतात. रुग्णाला ॲझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे दुसरे औषध चालू असताना युरिक ॲसिड वाढले म्हणून कोणी ॲलोप्युरिनॉल दिले, तर रक्तातल्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटू शकतात. ही नावे पाठ करण्याची गरज नाही. चालू औषधांची यादी पाकिटात ठेवावी आणि प्रत्येक डॉक्टरापुढे, दाताच्या डॉक्टरापुढेसुद्धा, आधी ती ठेवावी.

आयुर्वेदिक आणि घरगुती औषधांचा विषय थोडा सविस्तर मांडायला हवा, कारण इथे प्रेमापोटी चुका होतात. गुळवेल, अश्वगंधा, च्यवनप्राश, काढे हे सारे प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून दिले जाते. आणि या रुग्णाची प्रतिकारशक्ती तर औषधे देऊन मुद्दाम दाबून ठेवलेली आहे. ती वाढवण्याचा प्रयत्न यशस्वी झाला, तर नुकसान मूत्रपिंडाचेच होणार. भस्मांमध्ये जड धातू असण्याची शक्यता असते, तीही मूत्रपिंडाला नको. भाजी-आमटीतली चिमूटभर हळद चालते, पण हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल नकोत. फळांमध्ये पपनस आणि ग्रेपफ्रूट पूर्ण वर्ज्य आहेत, कारण त्यांच्या रसाने टॅक्रोलिमसची पातळी वाढते. कोकणात गणपतीच्या दिवसांत परसातले पपनस सोलून सर्वांना फोडी वाटल्या जातात, तेव्हा रुग्णाला वगळल्याचे वाईट वाटून घेऊ नये. मोसंबी आणि संत्र्यावर तशी बंदी नसते, मात्र पोटॅशियम वाढलेले असेल तर त्यांचेही प्रमाण विचारून घ्यावे.

वही

शंभर पानी साधी वही पुरते. रोज सकाळी लघवी करून आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन. सकाळ-संध्याकाळ तापमान आणि रक्तदाब. दिवसभरात प्यायलेले पाणी आणि झालेली लघवी. आणि साखर तपासायला सांगितली असेल तर ती. रक्तदाब पाच मिनिटे शांत बसल्यावर आणि फिस्टुला (डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेली जागा) नसलेल्या हातावर घ्यावा. डायलिसिसचा फिस्टुला चालू असेल तर त्या हातात सुई टोचू देऊ नये, त्यावर डोके ठेवून झोपू नये. नव्या मूत्रपिंडानंतरही तो जपायचा असतो.

साखरेबाबत एक बारकावा आहे. प्रेडनिसोलोन सकाळी घेतले जाते आणि त्यामुळे वाढणारी साखर बहुधा दुपारी आणि संध्याकाळी दिसते. पहाटे उपाशीपोटी साखर नॉर्मल आली म्हणून निश्चिंत होणाऱ्या घरात मधुमेह कित्येक आठवडे लपून राहू शकतो. म्हणून दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनीही ती पाहावी. ज्याला आधी कधी मधुमेह नव्हता, त्यालाही या औषधांनी तो होऊ शकतो.

वहीच्या शेवटच्या पानांवर रक्ताच्या रिपोर्टचे आकडे तारखेनुसार एकाखाली एक लिहावेत: क्रिएटिनिन, टॅक्रो लेव्हल, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, पोटॅशियम. एकट्या आकड्यापेक्षा त्याची चाल महत्त्वाची असते. क्रिएटिनिन १.५ हा एखाद्याचा नेहमीचा आकडा असू शकतो. पण ज्याचे महिनाभर १.० होते, त्याचे १.४ झाले तर प्रयोगशाळेच्या छापील मर्यादेच्या थोडेच वर आहे म्हणून ते सोडून देता येत नाही. निरनिराळ्या प्रयोगशाळांच्या पद्धती वेगळ्या असतात, म्हणून शक्यतो एकाच ठिकाणी रक्त द्यावे. पहिल्या महिन्यानंतर तपासण्या आठवड्याला, मग पंधरवड्याला आणि पुढे महिन्याला अशा विरळ होत जातात, बंद मात्र कधीच होत नाहीत.

क्रिएटिनिन वाढले म्हणजे मूत्रपिंड गेले, असे समजून घरात रडारड करण्याचे कारण नाही. पाणी कमी पडणे, टॅक्रोलिमस जास्त होणे, लघवीतला जंतुसंसर्ग, मूत्रनलिकेतला अडथळा ही कारणेही तितकीच संभवतात. डॉक्टर सोनोग्राफी करतात, गरज वाटली तर सुईने मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून बायोप्सी करतात. रिजेक्शन निघाले आणि ते लवकर लक्षात आले असेल, तर बहुतेक वेळा शिरेतून दिलेल्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनांनी ते आटोक्यात येते. या सगळ्यात हातातून निसटणारी गोष्ट म्हणजे वेळ, आणि ती वाचवण्यासाठीच तर वही आहे.

पाणी आणि जेवण

वर्षानुवर्षे डायलिसिसवर असलेल्या माणसाने तहान मारायला शिकून घेतलेले असते. दिवसाला जेमतेम लिटरभर पाण्यात भागवायचे, बर्फाचा तुकडा चघळायचा, आमटी वाटीभरच घ्यायची. आता त्यालाच दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी पी असे सांगितले जाते आणि त्याचे मन ते ऐकत नाही. प्रत्येक घोटाला त्याला धाप लागण्याची आठवण येते. सकाळीच लिटरच्या तीन बाटल्या भरून समोर ठेवल्या आणि रात्रीपर्यंत त्या रिकाम्या झाल्या पाहिजेत असे ठरवले, की मोजायला सोपे जाते. नेमके किती प्यायचे हे डॉक्टर सांगतील, कारण हृदयाचा त्रास असलेल्यांचे माप वेगळे असते. पाणी खळखळून उकळू लागल्यावर किमान एक मिनिट उकळत ठेवून झाकून गार करावे. फिल्टर असला तरी पहिले काही महिने हे करावे. प्रवासात तेच पाणी बरोबर न्यावे.

ज्यांना कित्येक महिने लघवीच होत नव्हती, त्यांचे मूत्राशय आकसलेले असते. त्यामुळे सुरुवातीला तासा-दीड तासाला, रात्रीसुद्धा, उठावे लागते. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ते हळूहळू सैल होते. उठायचा कंटाळा म्हणून पाणी कमी करू नये आणि लघवी रोखून धरू नये, कारण या रुग्णांत लघवीचा संसर्ग फार आढळतो.

जेवण ताजे, घरचे, पूर्ण शिजलेले आणि गरम असावे. पहिले तीन-चार महिने कच्ची कोशिंबीर, वरून पेरलेली कच्ची कोथिंबीर, हिरवी चटणी, मोड आलेली कच्ची कडधान्ये, अर्धवट उकडलेली अंडी टाळावीत. उसाचा रस, बर्फाचा गोळा, पाणीपुरी आणि कापून ठेवलेली फळे पुढेही टाळलेलीच बरी. फळ घरी धुऊन, सोलून, लगेच खावे. दूध उकळून घ्यावे. प्रसाद नाकारणे जिवावर येते, तेव्हा तो हातात घेऊन कपाळाला लावावा आणि घरातल्या दुसऱ्याला द्यावा.

डायलिसिसच्या काळात भाज्या चिरून, उकळून, पाणी काढून टाकण्याची जी पद्धत घराने अंगवळणी पाडून घेतलेली असते, ती प्रत्यारोपणानंतर आपोआप बंदही करू नये आणि भीतीपोटी कायम चालूही ठेवू नये. टॅक्रोलिमसने पोटॅशियम वाढते, तर फॉस्फरस उलट कमी होऊ शकते. रिपोर्ट पाहून आहारतज्ज्ञ सांगतील तसे बदलावे. स्टिरॉइडने भूक प्रचंड वाढते आणि चव परतलेली असते. इतक्या वर्षांच्या पथ्यानंतर खाऊ दे त्याला, म्हणून घरचे ताट भरत राहतात. सहा महिन्यांत दहा किलो वजन आणि मधुमेह ही त्याची किंमत होऊ नये. निर्जळी उपास पूर्ण बंद. एकादशी-चतुर्थीला फराळ करायचा असेल तर गोळ्यांच्या वेळा आणि पाणी यांत तसूभरही फरक पडू न देता आणि डॉक्टरांना विचारून करावा.

फोन कधी करायचा

तापमान १०० अंश फॅरनहाइटच्या वर गेले की फोन करावा, मग रात्रीचे दोन का वाजेनात. स्टिरॉइडमुळे ताप दबलेला असतो, म्हणून या रुग्णाची किरकोळ कणकणसुद्धा इतरांच्या मोठ्या तापाइतकी गांभीर्याने घ्यावी. आधी पॅरासिटामॉल घेऊन सकाळपर्यंत वाट पाहणे, ही नेहमीची चूक करू नये. एका दिवसात किलोभर वजन वाढणे, पाय किंवा चेहरा सुजणे, लघवी अचानक कमी होणे, लाल किंवा गढूळ होणे, लघवीला आग होणे, मूत्रपिंड बसवलेल्या जागी दुखरेपणा किंवा फुगीरपणा, जखमेतून पाणी किंवा पू येणे, दम लागणे, अंगावर पाणी भरलेले फोड उठणे, यांतले काहीही त्याच दिवशी कळवावे. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर आपल्याकडे क्षयरोगाची शंका घ्यावीच लागते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालावे लागले असेल आणि नंतर ताप आला, तर लेप्टोस्पायरोसिसच्या शक्यतेसाठी ते आवर्जून सांगावे.

संसर्ग टाळण्यासाठी पहिले काही महिने काही प्रतिबंधक गोळ्याही चालू असतात. त्या तात्पुरत्या आहेत म्हणून कमी महत्त्वाच्या नाहीत. जिवंत विषाणूंच्या लसी घेऊ नयेत. इन्फ्लुएन्झाची निष्क्रिय लस मात्र डॉक्टर सांगतील तेव्हा दरवर्षी घ्यावी आणि घरातल्यांनीही घ्यावी.

जखम, स्टेंट आणि हालचाल

स्टिरॉइडमुळे जखम भरायला वेळ लागतो. आंघोळ तांब्याने किंवा शॉवरने करावी आणि जागा टिपून कोरडी करावी. नदी, विहीर, तलाव बराच काळ नको. खोकताना उशी पोटाशी धरावी. पहिल्या दिवसापासून चालावे, रोज थोडे वाढवावे, पण सहा ते आठ आठवडे भरलेली कळशी, गॅसचा सिलिंडर किंवा नातवंड उचलू नये. स्कूटर-मोटार चालवणे दीड महिन्यानंतर, विचारून.

मूत्रनलिकेत बसवलेली डीजे स्टेंट नावाची बारीक नळी साधारण दोन ते सहा आठवड्यांत दुर्बिणीने काढतात. ती बाहेरून दिसत नाही, खुपली तर थोडी खुपते, आणि नेमकी म्हणून ती विसरली जाते. राहिलेल्या नळीवर खडे धरतात आणि संसर्ग होतो. काढण्याची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहिली आहे की नाही, हे रुग्णालयातून निघण्यापूर्वी पाहावे आणि दिनदर्शिकेवर लाल पेनाने लिहावी.

स्टिरॉइडने झोप उडते, चिडचिड होते, चेहरा गोल दिसू लागतो; डोस उतरेल तसे हे बरेचसे कमी होते, हे घरातल्यांना माहीत असले की भांडणे टळतात. लैंगिक संबंधांबाबत विचारायला लाजू नये. मायकोफेनोलेटमुळे गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते, म्हणून संततिनियमन काटेकोर हवे आणि मूल हवे असल्यास किमान वर्षभर थांबून, औषध बदलून घेऊन, मगच.

घरातला दुसरा रुग्ण

मूत्रपिंड जिवंत नातेवाइकाने दिले असेल, तर एकाच घरात दोन शस्त्रक्रिया झालेली दोन माणसे असतात. आपल्याकडे दाता बहुतेक वेळा आई किंवा बायको असते. ती चार-पाच दिवसांत घरी येते आणि तिच्याकडे कोणी रुग्ण म्हणून पाहत नाही. आठवड्याभरात ती ओट्यापाशी उभी असते, पाणी उकळत असते आणि मुलाच्या वहीत आकडे लिहीत असते. तिलाही सहा आठवडे जड उचलायचे नाही, तिलाही वेदनाशामक गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत आणि आता एकाच मूत्रपिंडावर सारे अवलंबून असल्याने तिला दरवर्षी रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिने तपासायला जायचेच आहे. रुग्णाच्या तपासणीच्या तारखा ज्या दिनदर्शिकेवर आहेत, त्याच दिनदर्शिकेवर तिचीही तारीख लिहावी. स्वयंपाकाला आणि सोबतीला तिसरे माणूस पहिला दीड महिना तरी ठरवून ठेवावे, त्यासाठी मावशी, वहिनी, जो कोणी येईल त्याचे येणे शस्त्रक्रियेच्या आधीच पक्के करावे.

कामावर परतताना

बैठे काम असणारे साधारणपणे दोन-तीन महिन्यांनी कामावर जाऊ शकतात. शेतकऱ्याचे गणित वेगळे असते. मळणीची धूळ, भुसा, बुरसटलेला कडबा, शेणखत यांत नेमकी तीच बुरशी आणि तेच जंतू असतात, ज्यांच्यापासून त्याला जपायचे आहे. पहिल्या वर्षी ही कामे दुसऱ्यावर सोपवावीत. नंतरही शेतात उतरताना गमबूट, हातमोजे आणि मास्क असावा, हाता-पायाला साधी जखम झाली तरी ती धुऊन झाकावी, आणि उन्हात डोक्यावर टोपी व अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा असावा, कारण या औषधांमुळे त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

गावी परतल्यावर तिथल्या डॉक्टरांना एकदा समक्ष भेटून डिस्चार्ज कार्डाची प्रत द्यावी. पाकिटात जाड कागदाचे एक कार्ड कायम असावे: मूत्रपिंड प्रत्यारोपण झाल्याची तारीख, चालू औषधे आणि डोस, रक्तगट, फिस्टुला कोणत्या हातात आहे आणि प्रत्यारोपण केंद्राचा रात्रीही लागणारा फोन क्रमांक. डोस बदलला की हे कार्डही नव्याने लिहावे. प्रवासाला निघताना औषधे दोन पिशव्यांत विभागून घ्यावीत, त्यांतली एक स्वतःजवळ आणि एक सोबतच्या माणसाजवळ, आणि परतीच्या तारखेपेक्षा आठवडाभराच्या जास्त गोळ्या त्यांत असाव्यात.